स्वालबार्डला प्रथमच जाताना: ध्रुवप्रदेश आणि तिथले प्राणी पाहण्याची पूर्वतयारी

उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटर अंतरावर, ७८ अंश उत्तर अक्षांशावर, लाँगइअरबिएन नावाचे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव आहे. नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड या द्वीपसमूहाचे ते मुख्य ठाणे होय. नियमित विमानसेवा, हॉटेले, दवाखाना आणि किराणा दुकान या सोयी असल्यामुळे ध्रुवप्रदेश पहिल्यांदाच पाहू इच्छिणाऱ्या सामान्य प्रवाशाला यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण. द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश भरते. त्यातील अर्ध्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे, झाड म्हणून एकही नाही, आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ता नाही. अशा ठिकाणी जाताना पर्यटकाची नेहमीची तयारी अपुरी पडते, म्हणून हे टिपण क्रमाक्रमाने लिहिले आहे. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर अवलंबून आहे: येथे प्राणी लांबून पाहायचे असतात, आणि आपण आलो होतो हे त्यांना कळू न देणे हेच चांगल्या पाहुण्याचे लक्षण मानले जाते.

पहिली पायरी: हंगाम ठरवणे

स्वालबार्डमध्ये ‘केव्हा जावे’ या प्रश्नाचे उत्तर ‘काय पाहायचे आहे’ यावर अवलंबून असते. लाँगइअरबिएनमध्ये साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात सूर्य मावळतच नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो जो क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. त्यानंतरही डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पोहोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी अख्खे गाव सूर्याच्या स्वागताला जमते. ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवप्रदेशाच्या अंधाऱ्या आकाशात दिसणारे रंगीत झोत (ऑरोरा), पाहण्याचीच ओढ असेल तर अंधाराचे महिने निवडावेत. नोव्हेंबर ते जानेवारीत दिवसाढवळ्यासुद्धा, म्हणजे घड्याळातल्या दुपारी, तो दिसू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ आणि उजेड दोन्ही असतात, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या, यांचा तो हंगाम; मात्र पारा सहज उणे १५ अंशांपर्यंत उतरतो.

प्राणी आणि पक्षी हा मुख्य हेतू असेल, तर पहिल्या भेटीसाठी मी निःसंकोचपणे जूनची अखेर ते जुलैची अखेर हा काळ सुचवीन. तापमान बहुधा ५ ते ८ अंशांच्या आसपास राहते, पक्ष्यांच्या वसाहती भरलेल्या असतात, कोल्ह्यांची पिल्ले बिळाबाहेर येऊ लागतात आणि जहाजे फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल चिंचोळ्या खाड्यांमध्ये, शिरू शकतात. ऑगस्टमध्ये समुद्री बर्फ आणखी मागे सरल्यामुळे जहाजाने मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालण्याची शक्यता वाढते, पण तोपर्यंत कड्यांवरचे बहुतेक पक्षी समुद्रावर निघून गेलेले असतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पाळणाऱ्यांची या दिवसांत चांगलीच सोय होते. झोपेची मात्र होत नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी सामानात असू द्यावी.

दुसरी पायरी: व्हिसा आणि विमा

नवख्या प्रवाशांची सर्वांत महागडी चूक येथेच होते. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारानुसार या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले, तरी करारात सामील देशांच्या नागरिकांना तेथे समान हक्क आहेत. ब्रिटिश अमलाखालचा भारतही त्या मूळ करारात होता. स्वालबार्डला जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण तेथे पोहोचण्याचा नेहमीचा हवाई मार्ग ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून आहे, आणि नॉर्वेची मुख्य भूमी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असली तरी स्वालबार्ड त्या क्षेत्राबाहेर आहे. याचा अर्थ असा, की लाँगइअरबिएनच्या विमानात बसताना आपण शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत शिरतो. म्हणून भारतीय पारपत्रधारकाने किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मागावा, आणि व्हिसा हाती आल्यावर त्यावर एकच प्रवेश छापलेला नाही ना, हे तेथल्या तेथे पाहावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भारतात अर्जांची गर्दी उसळते, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहू नये.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्याने आपली विमापत्रिका तेथे लागू होते का, हे लेखी विचारून घ्यावे. लाँगइअरबिएनचे रुग्णालय छोटे आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवावे लागते. शोध, बचाव आणि हवाई स्थलांतर यांचा खर्च विम्यात आहे की नाही, हे पत्रिकेतील बारीक अक्षरांत शोधून काढावे.

तिसरी पायरी: गावात मुक्काम की जहाज

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लाँगइअरबिएनमध्ये चार-पाच दिवस राहून रोज एखादी सहल करणे: बोटीने हिमनदीच्या तोंडापर्यंत, रशियन वस्ती बारेंट्सबुर्ग किंवा १९९८ साली ओस पडलेली पिरामिडेन ही खाणवस्ती, डोंगरावरची पदयात्रा. रेनडिअर, कोल्हे, हंस आणि समुद्रपक्षी एवढे गावाच्या आसपासही दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे सात ते दहा दिवसांची जहाजसफर, जी खर्चाने कितीतरी पुढची असते. परंतु वॉलरस या लांब सुळ्यांच्या अवाढव्य समुद्री प्राण्याच्या वसाहती, पक्ष्यांचे मोठे कडे आणि पांढऱ्या अस्वलाची शक्यता यांसाठी तीच खरी.

जहाज निवडताना सजावटीकडे न पाहता प्रवासीसंख्या विचारावी. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही, आणि तेथे ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच प्रवाशांना उतरवता येते. स्वालबार्डचा निम्म्याहून बराच अधिक भूभाग संरक्षित असल्यामुळे याचा परिणाम थेट आपल्या कार्यक्रमावर होतो. शंभराच्या आतले प्रवासी असले तर किनाऱ्यावर जास्त वेळ मिळतो, कारण रबरी बोटींतून सगळ्यांना उतरवण्यातच अर्धा दिवस जात नाही. आयोजकाने अमुक दिवशी अमुक जागी उतरवण्याची हमी दिली, तर ती कानाआड करावी. बर्फ, वारा आणि अस्वल ही तिन्ही कार्यक्रमपत्रिका वाचत नाहीत.

चौथी पायरी: कपडे

आपल्याकडच्या माणसाची थंडीची कल्पना महाबळेश्वरच्या पहाटेवर किंवा फार तर मनालीच्या सहलीवर बेतलेली असते, आणि म्हणून तो एक जाडजूड कोट घेऊन निघतो. येथे एका जाड कपड्यापेक्षा थर उपयोगी पडतात. अंगाला लागून मेरिनो लोकरीचे पातळ कपडे, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट आणि तशीच विजार, अशी रचना असावी. चालताना अंग तापले की मधला थर काढायचा, थांबल्यावर पुन्हा चढवायचा. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवावेत. सूत घाम शोषते, लवकर वाळत नाही, आणि ओले सूत अंगातली ऊब ओढून घेते. पहिल्या सफरीत मी हट्टाने सुती गंजीफ्रॉक घालून टेकडी चढलो आणि माथ्यावर दहा मिनिटे थांबताच दात वाजू लागले. त्या दिवसापासून या बाबतीत वाद घालत नाही.

वारा हा खरा शत्रू आहे. उणे १५ अंश तापमानात ताशी ३६ किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २७ अंशांसारखी लागते. उन्हाळ्यातही उघड्या रबरी बोटीत तास-दीड तास बसावे लागते, तेव्हा जुलै आहे म्हणून बेफिकीर राहू नये. कानटोपी, गळ्याभोवती सरकवायची लोकरी पट्टी, पातळ हातमोजे आणि त्यांवर चढवायचे बोटे न विभागलेले जाड हातमोजे हे सारे जवळ असू द्यावे. बूट एक माप मोठे घ्यावेत, कारण दोन मोज्यांनी घट्ट झालेल्या बुटात रक्त खेळत नाही आणि पाय अधिकच गारठतो. बोटीतून उतरताना गुडघ्याखालपर्यंत पाण्यात पाय टाकावा लागतो; त्यासाठीचे गमबूट बहुतेक जहाजांवर मिळतात, तरी आपले माप आगाऊ कळवावे.

एक सवय मात्र नव्याने शिकावी लागत नाही. लाँगइअरबिएनमधील बऱ्याच हॉटेलांत आणि संग्रहालयातही पादत्राणे दाराशी काढून आत जायचे असते. गाव कोळशाच्या खाणींवर उभे राहिले, कामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून सुरू झालेली ही रीत पुढेही टिकली. मोजे मात्र न फाटलेले असावेत.

पाचवी पायरी: पांढऱ्या अस्वलाचे अंतर

गावाच्या वेशीवर अस्वलाचे चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे आणि तिच्याखाली ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’ अशा अर्थाचा मजकूर आहे. ती शोभेची नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये गावालगतच्या तंबूतळावर अस्वलाच्या हल्ल्यात एका माणसाचा जीव गेला. वस्तीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ अस्वलाला घाबरवून पिटाळण्याचे साधन असणे बंधनकारक आहे, शिवाय बंदूक बाळगण्याची शिफारस आहे आणि तिच्यासाठी राज्यपालांच्या कार्यालयाचा परवाना लागतो. नवख्याने या फंदात न पडता सशस्त्र, प्रशिक्षित वाटाड्याबरोबरच बाहेर पडावे. वाटाड्याच्या पुढे चालू नये, गटातून मागे रेंगाळू नये, आणि ‘परत फिरा’ असे तो म्हणाला तर छायाचित्र अर्धवट राहिले तरी फिरावे.

स्वालबार्डमध्ये पांढऱ्या अस्वलाला १९७३ पासून संरक्षण आहे. त्याचा माग काढणे, त्याला आमिष दाखवणे, त्याच्या मागे लागणे हे सर्व गुन्हे आहेत. २०२५ पासून किमान ३०० मीटर अंतर ठेवणे कायद्याने आवश्यक झाले असून १ मार्च ते ३० जून या काळात ते ५०० मीटर आहे. त्या दिवसांत माद्या नवजात पिल्लांना घेऊन बर्फाच्या गुहेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात, आणि समुद्री बर्फावर सील पकडून वर्षभराची चरबी साठवण्याचाही तोच काळ. बोटीच्या आवाजाने एक शिकार हुकली, तर तिचे मोल पुढच्या उपासमारीत चुकवावे लागू शकते. जास्त अंतराचे कारण हे आहे.

३०० मीटर म्हणजे किती, याचा अंदाज जाण्यापूर्वी घ्यावा. हात लांब करून बोटांत तांदळाचा दाणा धरला, तर त्या अंतरावरचे अस्वल त्या दाण्याहूनही जरा लहान दिसते. ५०० मीटरवरचे मोहरीपेक्षा थोडेच मोठे. ज्यांनी चित्रफितींत अस्वलाच्या पापण्या पाहिल्या आहेत त्यांचा येथे हिरमोड होतो. यावर उपाय म्हणजे चांगली दुर्बीण. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून ३०० मीटरवरचे अस्वल ३० मीटरवर असल्यासारखे भासते: ते नाक वर करून वारा हुंगते, बर्फावर अंग घासते, पिल्लू आईच्या पायांत घुटमळते, सगळे स्वच्छ दिसते. नव्या कॅमेऱ्याचा खर्च टाळावा लागला तरी चालेल, दुर्बिणीचा टाळू नये, आणि ती प्रत्येकाची स्वतंत्र असावी.

सहावी पायरी: बाकीचे रहिवासी

अस्वल दिसले नाही तर सफर वाया गेली, असे मानणारे प्रवासी दर जहाजावर भेटतात आणि ते पुष्कळ काही गमावतात. माझ्या मते स्वालबार्डचे सर्वांत मोठे दृश्य म्हणजे पक्ष्यांचा कडा. हिन्लोपेन सामुद्रधुनीतील आल्कफ्येलेट या उभ्या काळ्या कड्यावर ब्रुनिख गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या असतात. घरटे नाही, नुसत्या दगडी कपारीवर एकच अंडे, आणि तेही एका टोकाला निमुळते. साधारण तीन आठवड्यांचे पिल्लू उडता येत नसताना सरळ कड्यावरून समुद्रात उडी घेते आणि बापाबरोबर पोहत दूर निघून जाते. जे खाली जमिनीवर पडते ते कोल्ह्याच्या वाट्याला येते. अशा कड्यांच्या पायथ्याशी विष्ठेच्या खतामुळे गवत व शेवाळ इतके हिरवेगार माजते, की ओसाड डोंगरात एकदम कोकणातला श्रावण आठवावा. त्या हिरवळीवर रेनडिअर चरायला येतात. समुद्रातली मासळी पक्ष्यांमार्फत डोंगरावर चढते ती अशी.

स्वालबार्डचा रेनडिअर आखूड पायांचा, गुबगुबीत आणि काहीसा सुस्त असतो. ही सुस्ती म्हणजे त्याची बचत आहे, कारण उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर त्याला लांबलचक हिवाळा काढायचा असतो. तो गावातून फिरताना दिसला तरी त्याच्याकडे चालत जाऊ नये. चरता चरता त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, की तुम्ही फार जवळ आलात असे समजून तेथेच बसावे. बऱ्याचदा तो स्वतःच जवळून चरत निघून जातो. रेनडिअर, कोल्हा किंवा कोणताही मेलेला प्राणी हाताळू नये, कारण येथील प्राण्यांत रेबीज आढळला आहे. अलीकडच्या वर्षांत पक्ष्यांमध्ये फ्लूचा विषाणूही सापडल्याने जहाजावरून उतरताना आणि परत चढताना बूट निर्जंतुक करायला लावतात. त्याचा कंटाळा करू नये.

तीनशे वर्षांहून अधिक काळ शिकार झाल्याने स्वालबार्डमधून जवळजवळ नाहीसा झालेला वॉलरस १९५२ मध्ये संरक्षण मिळाल्यावर हळूहळू परत आला. प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटावरील पूलेपिन्टन येथे वाळूवर एकमेकांच्या अंगावर दात टेकवून पहुडलेले नर पाहायला मिळतात. त्यांच्याकडे जाताना वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे आपला वास त्यांच्याकडे जाणार नाही अशा बाजूने, एका ओळीत आणि सावकाश जायचे असते. कळप बिथरून पाण्याकडे धावला तर लहान जनावरे चेंगरतात. बोलणे हळू असावे, आणि वास सहन करावा. त्याचे वर्णन येथे करत नाही.

आर्क्टिक टर्न हा नाजूक दिसणारा पांढरा पक्षी मात्र स्वतःच आपल्यावर चालून येतो. दरवर्षी अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाऊन परतणारा हा प्रवासी जमिनीवर, कधी रस्त्याच्या कडेलाच, अंडी घालतो आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतो. तो सर्वांत उंच टोकावर झडप घालतो, म्हणून काठी किंवा हात डोक्याच्या वर धरावा आणि आल्या वाटेने मागे फिरावे. हात हवेत फिरवून त्याला मारू मात्र नये.

फुले तोडू नयेत, दगडगोटे रचून मनोरे करू नयेत. १९४६ पूर्वीची मानवी वस्तू, मग ती गंजका खिळा असो की देवमासे मारणाऱ्यांच्या काळातले हाड, कायद्याने संरक्षित वारसा आहे.

सातवी पायरी: न्यू-ओलेसुंड आणि ‘हिमाद्री’

कार्यक्रमात न्यू-ओलेसुंड असेल तर मराठी प्रवाशाने तेथे थोडा अधिक वेळ ठेवावा. ७८ अंश ५५ मिनिटे अक्षांशावरच्या या संशोधनगावात १ जुलै २००८ रोजी भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. हिमनद्या, हवामान, समुद्र आणि सूक्ष्मजीव यांचा अभ्यास तेथे होतो. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही भारतीय शास्त्रज्ञ तेथे राहू लागले. इमारत बाहेरूनच पाहायची असते, दार ठोठावून गप्पा मारायला जाऊ नये.

या गावात मोबाइलचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवणे सक्तीचे आहे, कारण दूरच्या आकाशस्थ स्रोतांच्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या तेथील अँटेनांना त्यांचा अडथळा होतो. बोटीतून उतरण्यापूर्वीच फोन विमान-अवस्थेत टाकावा. आखलेल्या वाटेवरून चालावे. वाटेच्या दोन्ही बाजूंना हंसांची आणि टर्नची अंडी असतात. गावाच्या टोकाला दिसणारा उंच लोखंडी खांब १९२६ साली नॉर्वेचे ध्रुवसंशोधक आमुंडसेन आणि त्यांचे सहकारी ज्या ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून ध्रुवावरून गेले, ते बांधून ठेवण्यासाठी वापरला होता.

आठवी पायरी: कॅमेरा, खाणे आणि इतर किरकोळ

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. बाहेरून खोलीत येताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि तासाभराने काढावा, नाहीतर खोलीतल्या हवेतली वाफ गार भिंगावर जमून दव धरते. ड्रोन नेऊ नये. संरक्षित क्षेत्रांत त्यास बंदी आहे.

शाकाहारी जेवण जहाजावर मिळते, आगाऊ सांगावे मात्र लागते. घरून न्यायचेच असेल तर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा असे कोरडे पदार्थ न्यावेत. युरोपाबाहेरून नॉर्वेत मांस व दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा खव्याची मिठाई मागेच ठेवावी. रानातल्या ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी न उकळता पिऊ नये. कोल्ह्यांच्या विष्ठेतून पसरणारा एक घातक पट्टकृमी येथे आढळतो. जहाजावर चढण्याआधी बुटांचे तळ, पिशव्यांचे कप्पे आणि जाकिटाच्या चिकटपट्ट्या घासून घ्याव्यात, कारण त्यांत अडकलेले परक्या मातीतले बी येथे रुजू शकते.

शेवटची पायरी: परतीचा प्रवास

धुके किंवा वारा यांमुळे लाँगइअरबिएनचे विमान एखादा दिवस अडकणे नवलाचे नाही. म्हणून ऑस्लोहून मुंबईकडे येणाऱ्या विमानाचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. मध्ये निदान एक रात्र ठेवावी, आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर दोन. पारपत्र हाताशी असू द्यावे. ऑस्लोला किंवा ट्रोम्सोला उतरल्यावर पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि व्हिसावरचा दुसरा प्रवेश त्या खिडकीवर खर्ची पडतो.